१५०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये ८०० नंतर वेग का पडतो?

तुम्ही दिलेल्या वेळा अशा: २०० मीटर २:३२, ४०० मीटर ५:२०. १५०० मध्ये पहिले १०० मीटर १:१५ ला, आणि ८०० नंतर प्रत्येक १०० ला १:३२. दम कमी पडतो असं तुम्ही म्हणता, पण मला गडबड सुरुवातीलाच दिसते. १:१५ म्हणजे तुमच्या २०० मीटरच्या सरासरीपेक्षाही जलद! खांदे भरून येणारच.

आधी टिकणारा वेग काढा. ४०० च्या वेळेतून २०० ची वजा करून निम्मी करा: ३२० वजा १५२ म्हणजे १६८, निम्मे ८४ सेकंद. १०० मीटरला १:२४, १५०० ला २१ मिनिटं. डाइव्हमुळे पहिले १०० मीटर १:२१ ला गेले तर ठीक, त्याच्या आत नको. पहिले ३०० मीटर कंटाळवाणे वाटले तर समजा बरोबर चाललंय. अमेरिकेच्या बॉबी फिंकेने २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरला १४:३०.६७ चा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याची ५० मीटरची सरासरी २९ सेकंद होती. एवढा वेग ५० मीटरपुरता बऱ्याच जणांना जमतो. तीस वेळा जमवणं हीच शर्यत.

आठवड्यातून एकदा १५ वेळा १०० मारा, प्रत्येक १:२४ ला, मध्ये १५ सेकंद विश्रांती. घड्याळाबरोबर हातही मोजा. सुरुवातीला ५० मीटरला ४० हात लागत होते आणि दहाव्या १०० मध्ये ४५ झाले, तर पाण्यावरची पकड सुटली. थकल्यावर कोपर खाली पडतं आणि तळवा पाणी मागे ढकलायच्या ऐवजी खाली दाबतो. यावर उपाय म्हणजे ५० मीटर मुठी मिटून पोहायचं, मग ५० तळवे उघडून. मुठीने पाणी धरता येत नाही, त्यामुळे मनगटापासून कोपरापर्यंतचा हात आपोआप कामाला लागतो.

टर्न, म्हणजे भिंतीशी वळणं, विसरू नका. ५० मीटरच्या तलावात ते २९ येतात. प्रत्येकी अर्धा सेकंद गेला की साडेचौदा सेकंद गेले. दमलेला माणूस भिंत सोडल्यावर पहिल्याच हाताला श्वास घेतो आणि ढकलून मिळवलेला वेग तिथेच मरतो. श्वास दुसऱ्या हाताला घ्या.

पाय शेवटासाठी राखा: एका हाताला एक किक पुरे. तलावाच्या दोन लांब्या आणि पाच मीटर उरले की तुमच्या लेनला घंटा किंवा शिट्टी होते. सहा किकची लय, म्हणजे दोन्ही हातांच्या एका फेरीत सहा किक, तेव्हा सुरू करा.