कपाशीच्या फवारणीत झाकणाचं माप बंद करा

प्रश्न (पारोळा-अमळनेर भागातून): पांढऱ्या माशीसाठी पायरीप्रॉक्सीफेन १० टक्के आणलं. डब्यावर 'हेक्टरी १००० मिली, पाणी ५०० लिटर' आहे. पंप १६ लिटरचा. दुकानदार म्हणतो, "पंपाले दोन झाकणं टाका." किती टाकू?

उत्तर: ३२ मिली. लिटरला २ मिली पडतं, गुणिले १६. वीस लिटरच्या पंपाला ४०. एकरी ४०० मिली, २०० लिटर पाणी, म्हणजे तुमचे साडेबारा पंप. सीसी आणि मिली एकच.

झाकण हे माप नाही. एका बाटलीचं १० मिलीचं, दुसरीचं २५ चं. पंचवीसची दोन झाकणं टाकलीत तर एकरी ६२५ मिली जातं. वरचे सव्वादोनशे मिली दुकानदाराचा गल्ला भरतात, माशी मारत नाहीत. हे औषध अंड्यांवर आणि पिल्लांवर चालतं, उडणारी माशी त्याने लगेच मरत नाही. दोन दिवसांनी माशी दिसली की डोस वाढवायचा नाही आणि दुकानदाराने सुचवलेलं दुसरं औषधही त्यात मिसळायचं नाही. मेडिकलमधून १० मिलीची सिरिंज आणा, सुई फेकून द्या आणि ती फवारणीसाठीच ठेवा.

पातेगळीवरच्या (कळ्या गळण्यावरच्या) एन.ए.ए. ४.५ टक्के या वाढनियंत्रकाला तर झाकण लावूच नका. त्याचा डोस १० पीपीएम, म्हणजे लिटरला १० मिलिग्रॅम; ४.५ टक्के म्हणजे एका मिलीत ४५ मिलिग्रॅम. त्या हिशेबाने १६ लिटरला फक्त साडेतीन मिली. जास्त झालं की पानं मुरगळतात.

भुकटीचे ग्रॅम मिलीत मोजू नका. फ्लोनिकामिड ५० टक्के १० लिटरला ३ ग्रॅम, पंपाला ४.८ ग्रॅम, तेही वजनकाट्यावर.

माशी नुकती दिसू लागली असेल तर आधी निंबोळी अर्कच मारा. ५ किलो निंबोळी भुकटी रात्रभर पाण्यात भिजवा, गाळा, २०० ग्रॅम साबणाचं पाणी घालून एकूण १० लिटर करा. पंपाला १.६ लिटर अर्क, बाकी पाणी. त्याच दिवशी, संध्याकाळी मारा. उन्हात मारलेला वाया जातो. विकतच्या बाटलीची वाट कशाला बघता?

पंपाच्या अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज करा, अटी सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) विचारा.

पहिल्या फवारणीआधी वाढलेल्या कपाशीत एक गुंठा साध्या पाण्याने मारून बघा. ५ लिटर लागले पाहिजेत. तीनातच उरकला तर चाल घाईची आहे आणि पानाची खालची बाजू, जिथे पिल्लं असतात, कोरडीच राहतेय.