क्रीडा पत्रकारितेतून माध्यमसंस्थेच्या वरच्या पदावर पोहोचलेला ब्रिटिश माणूस कोण?

माझ्या मते पीटर डिमॉक. दुसऱ्या महायुद्धानंतर ते प्रेस असोसिएशन या वृत्तसंस्थेसाठी घोड्यांच्या शर्यतींच्या बातम्या द्यायचे. 1946 मध्ये बीबीसीत गेले. 1953 च्या राणी एलिझाबेथ (दुसरी) यांच्या राज्याभिषेकाचं वेस्टमिन्स्टर ॲबे या चर्चमधलं टीव्ही प्रक्षेपण त्यांच्याच हाती होतं. राणीचं क्लोज-अप दाखवायचं नाही अशी सक्त ताकीद होती. गड्याने ऐन वेळी दाखवलंच! पुढे ‘स्पोर्ट्सव्ह्यू’ या बीबीसीच्या क्रीडा कार्यक्रमाचं सूत्रसंचालन केलं. 1958 मध्ये ‘ग्रँडस्टँड’ या दुसऱ्या क्रीडा कार्यक्रमाचे पहिले निवेदकही तेच, पण लवकरच ती खुर्ची निवेदक डेव्हिड कोलमनकडे गेली. बाह्य प्रक्षेपण (स्टुडिओबाहेरून होणारं प्रक्षेपण) विभाग मात्र त्यांनी बरीच वर्षं चालवला. नंतर बीबीसीची व्यापारी शाखा, ‘बीबीसी एंटरप्रायझेस’, सांभाळली आणि मग अमेरिकेच्या एबीसी नेटवर्कमध्ये दाखल झाले.