सरकारी खर्चाने मिळालेला वकील चांगलं काम करतोय की नाही, हे मोजतात कसं?

खरं सांगायचं तर बहुतेक वेळा फक्त आकडे मोजतात: किती जणांना वकील दिला, किती शिबिरं झाली. त्यावरून दर्जा कळत नाही. 'नालसा'च्या (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण, म्हणजे मोफत कायदेशीर मदतीची सरकारी यंत्रणा) 2010 च्या नियमांत देखरेख समिती आहे, वकिलाने प्रकरणाचा अहवाल द्यायचा असतो. पण अहवाल लिहिणारा वकीलच, मग तो स्वतःला नापास कशाला करेल?

मोजायचंच तर अनोखीलाल नावाच्या आरोपीचं प्रकरण बघा. 2013 मध्ये मध्य प्रदेशातल्या खंडव्यात त्याला वकील मिळाला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले आणि पंधरवड्यात फाशीची शिक्षा! कागदावर मदत 'दिली'च होती. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल रद्द केला आणि अशा गंभीर खटल्यांत वकिलाला तयारीसाठी साधारण किमान सात दिवस द्या, असं सांगितलं.

म्हणून मी तरी आधी हे विचारेन: वकील पक्षकाराला सुनावणीआधी किती वेळा भेटला? जामिनाचा अर्ज कितव्या दिवशी गेला? उलटतपासणी नीट झाली का? जिंकणं-हरणं नंतर, कारण पुरावाच पक्का असेल तर चांगला वकीलही हरतो. आणि पक्षकाराला विचारा, निकाल काय लागला ते त्याला समजावून सांगितलं का. तुमचीच तक्रार असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे लेखी द्या, वकील बदलून मागता येतो.