सासूबाईंना मॉडर्न आर्ट कसं दाखवू?

प्रश्न : मुलगी पोर्तुगालमध्ये पोर्तोला शिकते. नोव्हेंबरात आम्ही तिच्याकडे जातोय. ती म्हणते, सेरालव्हेसचं समकालीन कलेचं म्युझियम आणि तिथली बाग बघायचीच. सासूबाई 74 वर्षांच्या, गुडघे दुखतात, आणि 'असली' चित्रं त्यांना थट्टा वाटते. खरं सांगायचं तर मलाही. अख्खा दिवस घालवावा का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : घालवा. फक्त म्युझियमपासून सुरुवात करू नका. मी तीच चूक केली. भिंतीवरच्या पाट्या वाचत तासभर फिरले आणि पाय, डोकं दोन्ही जड झालं. शेवटी एका मोठ्या खिडकीसमोर टेकले. बाहेर एक माळी वाळकी पानं ओढत होता आणि आतले पाच-सहा जण भिंतीकडे पाठ करून त्यालाच बघत उभे होते. आल्वारो सिझा या पोर्तोच्याच वास्तुकारानं ही पांढरी इमारत बांधलीय, 1999 मध्ये ती उघडली. खिडक्या त्यानं अशा कापल्यात की बाग आपसूक आत येते. म्हणून आधी बाग, मग आत.

हिरवळीत एक लालभडक वस्तू रुतलेली दिसेल, दोन मजली घराएवढी उंच. सासूबाईंना 'ही कलाकृती' वगैरे सांगू नका, नुसतं विचारा, हे काय? त्या म्हणतील, कुंडीतलं खुरपं. बरोबरच आहे! ओल्डनबर्ग आणि व्हान ब्रुगन या शिल्पकार जोडप्यानं 2001 साली ते करताना त्याहून काही वेगळं सुचवलं असेल असं मला वाटत नाही.

मग शिल्पकार अनिश कपूर यांचा आरसा. मी गेले तेव्हा तो बागेतच होता. चकचकीत स्टीलची भलीमोठी खोलगट थाळी, आभाळाकडे कललेली. आमटीच्या डावात चेहरा उलटा दिसतो ना, तसे तिथे ढग आणि झाडं उलटी दिसतात. कपूर यांचा जन्म मुंबईचा, 1954 चा. हे सांगितलंत की सासूबाई दोन मिनिटं जास्त थांबतील.

आता गुडघे. बाग एकूण 18 हेक्टर, आणि आवारातल्या गुलाबी बंगल्याच्या मागून ती पायऱ्यापायऱ्यांनी खाली तळ्याकडे उतरते. (बंगला आर्ट डेको शैलीचा, म्हणजे आपल्या मरीन ड्राइव्हच्या इमारतींच्या घराण्यातला.) ही आखणी 1930 च्या दशकात झाक ग्रेबेर या फ्रेंच माणसानं केली. उतरताना छान वाटतं. परत चढताना मी तीनदा बसले, आणि माझे गुडघे अजून शाबूत आहेत. तेव्हा सासूबाईंना बंगल्याच्या कठड्यापाशी बसवा, तिथून उतरती बाग सरळ नजरेत येते. खालच्या शेतातल्या गाई-गाढवांकडे तुम्ही मायलेकी जाऊन या.

नोव्हेंबरात पोर्तोला पाऊस असतो. छत्री हवीच; चपला नकोत, ओल्या दगडावर मी चांगलीच घसरले होते. पण लिक्विडांबरच्या झाडांची ओळ त्याच दिवसांत लाल-पिवळी होते. पानं पंचकोनी चांदणीसारखी, खाली सडा पडलेला. सासूबाई चार-दोन उचलणारच, तेव्हा पर्समध्ये एखादी जाड वही ठेवा.