फ्लाइट सिम्युलेटरमध्ये ३५,००० फुटांवर एअरस्पीड (हवेच्या तुलनेतला वेग) २६५ नॉट (ताशी सागरी मैल) दिसतो आणि ग्राउंड स्पीड (जमिनीच्या तुलनेतला वेग) ४५०. सिममध्ये काही बिघाड आहे का?

बिघाड नाही, दोन्ही आकडे बरोबर आहेत. मीसुद्धा सुरुवातीला हाच घोळ घातला होता. वर गेल्यावर विमान ‘मंदावलं’ असं वाटून थ्रॉटल पुढे ढकलत राहिलो, आणि ओव्हरस्पीडच्या इशाऱ्याचा खडखडाट सुरू झाल्यावर भानावर आलो.

मुळात एअरस्पीड इंडिकेटर वेग मोजतच नाही, तो दाब मोजतो. पिटो ट्यूबच्या (पुढे तोंड करून बसवलेल्या नळीच्या) तोंडावर येऊन आदळणारी हवा किती दाब देते, त्यातून स्थिर हवेचा दाब वजा करायचा. उरतो त्याला समुद्रसपाटीच्या घनतेच्या हिशेबाने नॉटमध्ये मांडलं की झाला इंडिकेटेड एअरस्पीड. वर हवा विरळ. तेवढाच दाब मिळवायला विमानाला जास्त वेगाने हवा कापावी लागते. तो खरा वेग म्हणजे ट्रू एअरस्पीड.

अंदाजासाठी दर हजार फुटांना दोन टक्के वाढवा. १०,००० फुटांवर २५० इंडिकेटेड असेल तर ट्रू साधारण ३००. प्रमाण हवामानात (हिशेबासाठी ठरवलेल्या सरासरी हवेत) नेमका हिशेब केला तर २९०च्या आसपास येतो. फार उंचीवर मात्र या नियमावर विसंबू नका, तिथे हवा दाबली जाण्याचा परिणामही मिसळतो. तुमचे २६५ म्हणजे जवळपास माख ०.७८ (आवाजाच्या वेगाच्या ०.७८ पट), आणि त्या उंचीवर त्याचा ट्रू एअरस्पीड सुमारे ४५० नॉट. ग्राउंड स्पीडही तेवढाच दिसतोय, म्हणजे वारा जवळजवळ नव्हता किंवा आडवा होता. शंभर नॉटचा जेटस्ट्रीम (उंचावरचा वेगवान वारा) पाठीशी असता तर तिथे ५५० दिसले असते.

मग उड्डाण कशावर करायचं? इंडिकेटेडवर, आणि फार वर गेलं की माखवर. पंखांना खरा वेग कळत नाही, त्यांना हवेचा मारा कळतो. म्हणून स्टॉल स्पीड (ज्याच्या खाली पंख विमान पेलू शकत नाहीत तो वेग) इंडिकेटेडमध्ये खाली-वर जवळपास तोच राहतो. ट्रू लागतो तो इंधन आणि वेळेच्या हिशेबाला.

हे अंगात मुरवायचं असेल तर बोलिव्हियातल्या एल आल्टोला उतरून बघा. विमानतळ १३,३०० फुटांवर आहे. अप्रोचला (उतरण्यासाठी धावपट्टीकडे येताना) इंडिकेटेड १४० धरलात तरी ट्रू १७०च्या पुढे असतो. धावपट्टी अंगावर धावून येते, फ्लेअरला (टेकण्याआधी नाक उचलायला) उशीर होतो, आणि ब्रेक लावल्यावर कळतं की तिथे चार किलोमीटरची धावपट्टी का बांधली आहे.

एक तपासा: एफएसएक्समध्ये (मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये) रिअ‍ॅलिझमच्या सेटिंगमध्ये इंडिकेटेड दाखवायचा पर्याय असतो. तो बंद असेल तर इंडिकेटरवर ट्रूच दिसतो आणि वरचं सगळं गणित उलटंपालटं वाटतं.