कातळधारेला निघण्याआधी

प्रिय,

कातळधार धबधब्याला जायचं ठरवलंस हे वाचून मनापासून आनंद झाला. लोणावळ्याजवळच्या राजमाचीच्या श्रीवर्धन किल्ल्यावर उभं राहिलं की पावसाळ्यात ही धार समोर लांबवर दिसते. मात्र उल्हास नदीच्या खोऱ्यातल्या रानात एकदा उतरलं की ती दिसेनाशी होते. झाडी इतकी दाट आहे की अगदी जवळ जाईपर्यंत समोर काय आहे याचा पत्ता लागत नाही.

तू फोनवर चालणारा, वाट दाखवणारा जीपीएस ट्रॅक मागितला आहेस. पाठवतो. पण तो गेल्या वर्षी कोणी तरी चाललेल्या वाटेचा आहे. मधल्या पावसात एखादी दरड येते, झाड आडवं पडतं, ओढा काठ बदलतो, आणि यातलं काहीच त्या निळ्या रेघेला माहीत नसतं. म्हणून ट्रॅक खिशात ठेव आणि डोंगर वाचायला शीक. या पत्रात मला तेवढंच सांगायचं आहे.

सुरुवात दगडापासून कर. आपला सह्याद्री साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचा आहे. भाकऱ्यांची चवड रचावी तसे हे थर एकावर एक बसले आहेत, पण सगळे सारखे नाहीत. काही घट्ट, काळे, टणक. काही बारीक पोकळ्यांचे आणि ठिसूळ. टणक थराचा उभा कडा होतो. ठिसूळ थर झिजून त्याची सपाटी होते, तिच्यावर माती धरते आणि रान वाढतं. त्या रानाच्या पट्ट्याला आपण पदर म्हणतो. हे एकदा डोळ्यांत बसलं की वाट अशी का वागते ते कळायला लागतं. पदरातून ती निवांत आडवी जाते, कड्याशी आली की अडते, आणि कडा जिथे फुटलेला असेल ती नाळ किंवा घळ शोधून खाली उतरते. वाट हरवली तर आडव्या सपाटीवर शोध. कड्याच्या तोंडावर जाऊन खाली डोकावत उतार हुडकू नकोस.

कातळधारही याच दगडामुळे अशी घडली आहे. वरचा टणक थर पुढे आलेला आहे आणि खालचा मऊ थर पाण्याच्या तुषारांनी आत आत झिजत गेला आहे. त्यामुळे धारेच्या मागे कपार तयार झाली आहे. त्या कपारीत उभं राहिलं की पाणी आपल्यासमोर पडत असतं आणि पडद्यापलीकडे सगळं रान हलताना दिसतं. सह्याद्रीत याहून मोठे धबधबे आहेत, पण माझ्या मते याच्या तोडीचे फार थोडे.

आता वाटेबद्दल. या रानात ढोरवाटांचं जाळं आहे आणि चुकतात ती माणसं बहुतेक तिथेच. ढोरवाट छातीएवढ्या उंचीच्या फांदीखालूनही निघून जाते. गुराला वाकावं लागत नाही. माणसाच्या वाटेवर डोक्याच्या उंचीवरच्या फांद्या कोयत्याने छाटलेल्या असतात. जुना वार काळपट, नवा पांढुरका. सारखं वाकावं लागतंय असं वाटलं की थांब आणि शेवटच्या फाट्यापर्यंत मागे ये. प्रत्येक फाट्यावर वळून मागे बघायची सवय लाव, कारण परतताना तीच जागा अगदी वेगळी दिसते. नको असलेल्या वाटेवर एक वाळकी फांदी आडवी टाकली की पुरे. दगडावर रंगाचे बाण काढू नकोस.

राजमाचीवरच्या उधेवाडी गावातून किंवा वाटेतल्या वस्तीवरून वाटाड्या घे आणि त्याच्या मजुरीत घासाघीस करू नकोस. वाटेत कोणी भेटलं तर "मामा, ही वाट धबधब्याला जाते ना?" असं विचारू नये. आपलं मन राखायला माणसं हो म्हणून जातात. "मामा, ही वाट कुठे जाते?" असं विचार, आणि ओढ्याला पाणी किती आहे तेही विचार. जो धबधबा तुला दडलेला वाटतो, त्याच्या पाण्याची चढउतार ही माणसं लहानपणापासून बघत आली आहेत.

सगळ्यात जास्त काळजी मला ओढ्याची वाटते. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. वरच्या कातळावर माती पातळ, त्यामुळे पाणी मुरत नाही, सरळ ओढ्यात येतं. तू उभा आहेस तिथे ऊन असेल आणि वर पठारावर सर कोसळून गेली असेल. पाणी गढूळ झालं, पानं-काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज जड झाला, तर डबा अर्धा टाकून बाहेर पड. 30 जून 2024 ला लोणावळ्यातच, भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली 5 माणसं वाहून गेली. ती कड्यावर चढली नव्हती. पाण्यात उभी होती. पाणी गुडघ्यापर्यंत आणि वेगाचं असेल तर ओढा ओलांडू नकोस, सोबतचे कितीही म्हणोत. असे छोटे ओढे पाऊस थांबला की बहुधा काही तासांत उतरतात, तेवढं अलीकडच्या काठावर बसून राहावं. आणि थेट धारेखाली कधीच उभं राहू नये, पाण्याबरोबर वरून दगड येतात.

म्हणूनच जुलै-ऑगस्टचा हट्ट सोड. सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात जा. धार बारीक झालेली असते, पण पाणी नितळ असतं आणि रान अजून हिरवं असतं. नशीब असेल तर शेकरू दिसेल. ओढ्याजवळ कोणी पोरगं शीळ घालतंय असं वाटेल, तो शीळकरी कस्तुर पक्षी. आवाजाच्या दिशेने "कोण आहे?" म्हणत रान सोडून जाऊ नकोस. पावसाळ्यात तो पाण्याजवळच्या कपारींत घरटं करतो, म्हणून धारेमागच्या भिंतीवर हात घालत चढू नकोस.

धबधब्याच्या आवाजावरही फार विसंबू नकोस, समोरच्या कड्यावर आपटून तो भलतीकडूनच येतो. गार वारा अंगावर आला, दगडांवरचं शेवाळ दाट झालं, नेचे वाढले, की समजावं जवळ आलो. शेवटचा टप्पा ओढ्यातल्या धोंड्यांवरून आहे. हिरव्या धोंड्यावर पाय देऊ नकोस, आणि काळा, ओला, गुळगुळीत दिसेल त्याच्यावर तर मुळीच नको.

पहाटे निघ. दुपारी एक वाजता जिथे असशील तिथून परत फिर, धबधबा समोर दिसत असला तरी. रानात अंधार पठारापेक्षा बराच आधी पडतो आणि परतीची वाट सगळी चढाची आहे. प्रत्येकाकडे स्वतःची बॅटरी असू दे, मोबाइलची धरू नये. दरीत रेंज नसते, म्हणून किती वाजेपर्यंत वर येणार ते घरी आणि वस्तीवर सांगून ठेव.

सोबत कोण कोण आहे आणि तारीख कोणती, ते कळव. त्या आठवड्यात पाऊस लांबला तर बेत पुढे ढकलू, मीही येईन.

तुझा,
काका