चुरचुरणारा चेहरा आणि बाटल्यांची गर्दी

वाचकांचे प्रश्न : त्वचेची निगा

प्रश्न : गेले काही महिने मी सकाळी व्हिटॅमिन सीचे सीरम आणि रात्री आलटून पालटून ग्लायकॉलिक आम्लाचे टोनर व रेटिनॉल लावते. सुरुवातीला चेहरा तुकतुकीत दिसत असे. आता मात्र साधे पाणी लागले तरी चुरचुरते, नेहमीच्या मॉइश्चरायझरनेही आग होते आणि नाकाच्या कडेला पापुद्रे निघतात. त्वचेचा संरक्षक थर दुरुस्त करण्यासाठी यात आणखी कोणते सीरम घ्यावे?

उत्तर : आणखी एक सीरम घेण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून तुमच्या त्वचेला काही कमी पडले आहे असे दिसत नाही. तिच्यावर एकाच वेळी फार गोष्टींचा मारा झाला आहे, असे दिसते.

ज्याला आपण संरक्षक थर म्हणतो, तो बहुतेक ठिकाणी जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा असतो. तेवढ्यात चपट्या, मृत पेशींचे साधारण १५ ते २० पदर एकमेकांवर रचलेले असतात, आणि त्यांच्यामधल्या फटी सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मुक्त मेदाम्ले या स्निग्ध द्रव्यांनी भरलेल्या असतात. अमेरिकन संशोधक पीटर इलियास यांनी १९८०च्या दशकात या रचनेला विटांच्या भिंतीची उपमा दिली आणि ती रूढ झाली : पेशी म्हणजे विटा आणि स्निग्ध द्रव्ये म्हणजे त्यांच्यामधला गारा. शरीरातले पाणी आत राखणे आणि बाहेरची दाहक द्रव्ये बाहेर थोपवणे, ही दोन्ही कामे मुख्यतः हाच पातळ पडदा करतो.

आता तुमच्या तीन बाटल्यांकडे पाहू. ग्लायकॉलिक आम्ल या मृत पेशींमधले बंध सैल करते. रेटिनॉल हे व्हिटॅमिन एचे रूप खालच्या पेशींना वेगाने वर ढकलते, त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे वरचा थर काहीसा कच्चा राहतो. व्हिटॅमिन सी त्याच्या मूळ, म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाच्या रूपात असेल, तर ते त्वचेत शिरावे म्हणून सीरमचा पीएच (आम्लतेचे माप, आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) ३.५च्या खाली ठेवलेला असतो. यांपैकी एखादी गोष्ट सवयीने सहन होते. तिन्ही एकाच चेहऱ्यावर आल्या, की त्या थरातून पाणी अधिक वेगाने उडू लागते, दाहक द्रव्ये मज्जातंतूंच्या टोकांपर्यंत सहज पोहोचतात, आणि मग निरुपद्रवी मॉइश्चरायझरही झोंबू लागते.

दिलासा असा, की हा थर आपली डागडुजी स्वतः करतो. पाणी जास्त उडू लागले की खालच्या जिवंत पेशी काही मिनिटांतच साठवलेली स्निग्ध द्रव्ये फटींमध्ये सोडू लागतात. तरुण, निरोगी त्वचेला एकदाच झालेली इजा बहुतांशी तीन-चार दिवसांत भरून निघते. तुमच्याकडे मात्र रोज नवी इजा होत आहे आणि ती काही महिने होत आली आहे, म्हणून निदान चार आठवड्यांची वाट पाहण्याची तयारी ठेवावी.

या काळात सकाळी चेहरा नुसत्या कोमट पाण्याने धुऊन सुगंधविरहित साधे मॉइश्चरायझर आणि त्यावर एसपीएफ ३० किंवा अधिक असलेले सनस्क्रीन लावावे. रात्री सौम्य, साबणविरहित क्लीन्झर आणि पुन्हा तेच मॉइश्चरायझर, एवढेच. तेही झोंबत असेल, तर चेहरा टिपून किंचित ओलसर असतानाच पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवावा. तिच्यात झोंबण्यासारखे जवळपास काहीच नसते, ती पाण्याचे उडणे फार मोठ्या प्रमाणात रोखते, आणि तिच्याखाली त्वचेची दुरुस्तीही चालू राहते. सीरमच्या देखण्या बाटल्यांपुढे ती डबी गरीब दिसते, हे खरे.

चुरचुर पूर्ण थांबल्यावर तिन्हींपैकी एकच गोष्ट परत आणावी, आठवड्यातून दोन रात्री, आणि दोन-तीन आठवडे पाहून मगच पुढचे ठरवावे. माझे मत विचाराल, तर मी रेटिनॉल निवडेन आणि टोनरला रजा देईन, कारण एक्सफोलिएशनसाठी, म्हणजे मृत पेशी काढण्यासाठी, वेगळे आम्ल रोज लावण्याची गरज बहुतेकांना नसते. मात्र गर्भधारणा असल्यास किंवा तसा विचार असल्यास रेटिनॉल वर्ज्य करावे. पापण्या सुजणे, पाण्यासारखी लस वाहणे किंवा आग होण्यापेक्षा खाज जास्त असणे ही लक्षणे अ‍ॅलर्जीकडे बोट दाखवतात. अशा वेळी घरगुती प्रयोग न करता त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट, म्हणजे त्वचेवर संशयित द्रव्ये चिकटवून केलेली अ‍ॅलर्जीची तपासणी, करून घ्यावी.

प्रश्न : माझी त्वचा तेलकट आहे आणि मुरुमे येतात, म्हणून मी दिवसातून चार-पाच वेळा साबणाने तोंड धुतो. धुतल्यावर चेहरा ओढल्यासारखा होतो, तरी तासाभरात पुन्हा तेल दिसते. अशा त्वचेला मॉइश्चरायझर लावावे का?

उत्तर : लावावे, पण आधी धुणे दोन वेळांवर आणावे. घाम आलाच, तर मधे नुसते पाणी मारावे.

तेलग्रंथींचे काम मुख्यतः संप्रेरकांच्या हुकमावर चालते, त्यामुळे कितीही वेळा धुतले तरी तेल कमी तयार होत नाही. साबणाने केवळ वर आलेले तेल निघते, आणि त्याच्याबरोबर संरक्षक थरातल्या पेशींमधली स्निग्ध द्रव्येही काही प्रमाणात निघून जातात. शिवाय निरोगी त्वचेचा पृष्ठभाग आम्लधर्मी, साधारण ५ पीएचच्या आसपास असतो, तर नेहमीच्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो. सिरॅमाइड तयार करणारी विकरे (एन्झाइम) आम्लधर्मी वातावरणातच नीट काम करतात, आणि पेशींमधले बंध तोडणारी विकरे पीएच वाढला की चेकाळतात. पीएच पुन्हा खाली यायला काही तास लागतात. तेवढ्यात तुम्ही पुढच्या वेळचा साबण लावलेला असतो. धुतल्यावर बोट फिरवले असता त्वचा करकरली, की ती स्वच्छ झाली असे अनेकांना वाटते, पण ती खूण जास्त धुतल्याची असते.

मुरुमांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा अ‍ॅडॅपलीन चालू असेल, तर हलके, जेलसारखे मॉइश्चरायझर जोडीला हवेच. ही औषधे त्वचा कोरडी करतात, आणि कोरडेपणाला कंटाळून लोक ती अर्ध्यातच सोडतात.

प्रश्न : रसायने नकोत म्हणून लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा चेहऱ्याला लावला तर चालेल का?

उत्तर : नाही. लिंबाच्या रसाचा पीएच सुमारे २ आणि सोड्याच्या द्रावणाचा ८च्या वर, म्हणजे दोन्ही त्वचेच्या मानाने टोकाचे आहेत. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले, तर फोड येऊन मागे महिनोन्‌महिने काळे डाग राहू शकतात. वस्तू स्वयंपाकघरातली आहे, यावरून ती सौम्य ठरत नाही.

प्रश्न : सिरॅमाइड असलेली क्रीम्स बरीच महाग असतात. ती खरोखर वेगळी असतात का?

उत्तर : काही असतात, पण वेष्टनावर ठळक अक्षरांत सिरॅमाइड लिहिले आहे यावरून ते कळत नाही. उंदरांच्या त्वचेवरील प्रयोगांत असे दिसले, की सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले यांपैकी एक किंवा दोनच लावल्यास थराची दुरुस्ती उलट लांबते, आणि तिन्ही योग्य प्रमाणात एकत्र दिल्यास ती नीट होते. म्हणून घ्यायचेच असेल, तर घटकांच्या यादीत तिन्ही आहेत का, हे पाहावे. त्वचा निव्वळ कोरडी असेल आणि इसबासारखा आजार नसेल, तर ग्लिसरीन व पेट्रोलियम जेली असलेले साधे क्रीम बहुतेकांना पुरते.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय सत्तरीच्या पुढे आहे. त्यांच्या नडग्यांना फार खाज येते, पुरळ मात्र दिसत नाही. कढत पाण्याने अंघोळ केली की तेवढ्यापुरते बरे वाटते, असे ते म्हणतात.

उत्तर : ते बरे वाटणे त्यांना महागात पडत आहे. वयानुसार तेल आणि स्निग्ध द्रव्ये कमी होतात, थर भरून यायला तरुणपणापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि नडग्यांवर तेलग्रंथी मुळातच विरळ असतात. कढत पाणी उरलेसुरले तेलही काढून टाकते. पाणी कोमट असावे, अंघोळ पाच-दहा मिनिटांत उरकावी आणि साबण काखा, जांघा व पावले एवढ्यापुरताच वापरावा. अंग टिपल्यावर दोन-तीन मिनिटांत दाट क्रीम लावावे. ५ ते १० टक्के युरिया असलेले क्रीम कोरड्या नडग्यांना चांगले लागू पडते, पण खाजवून चिरा पडल्या असतील तर ते झोंबते, तेव्हा त्या आधी साध्या क्रीमने भरू द्याव्यात. तीन-चार आठवडे हे नेमाने करूनही खाज तशीच राहिली, किंवा ती सर्वांगाला येऊ लागली, तर डॉक्टरांना दाखवून मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड आणि रक्ताच्या तपासण्या करून घ्याव्यात, कारण पुरळाविना येणारी खाज कधीकधी तिथून आलेली असते.